अनुशय : विसार, मोटारगाडी आणि माघार

‘अनुशय’ हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला बहुधा शाकुन्तलाच्या सहाव्या अंकात प्रथम भेटतो. अंगठी सापडते, स्मृती परत येते आणि दुष्यन्ताला कळते की, ज्या क्षणी जागे व्हायचे त्या क्षणी आपले मन निजलेले होते. मागाहून येणारी, काळजात घर करून बसणारी ही खंत म्हणजे अनुशय. पण संस्कृत वाङ्मयात हा शब्द राजवाड्यापेक्षा बाजारात अधिक वेळ वावरला आहे, हे आमच्या अभ्यासक्रमांत सहसा सांगितले जात नाही. मनूने व्यवहाराची, म्हणजे वादविषयांची, जी अठरा पदे सांगितली त्यांतले एक ‘क्रयविक्रयानुशय’ आहे. घेतल्याचा किंवा विकल्याचा पश्चात्ताप. कायद्याच्या एका प्रकरणाला एका मनोभावाचे नाव द्यावे, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

नवी मोटारगाडी नोंदवून मग माघार घेणारा माणूस हा आजच्या मध्यमवर्गीय जीवनातला अनुशयाचा ठळक नमुना. घराच्या खालोखाल मोठी खरेदी, कर्जाचे पाचसात वर्षांचे ओझे, शोरूममधली सायंकाळ, सहीसाठी पुढे आलेला कागद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात पडणारा खड्डा. या माणसाकडे जुन्या स्मृतींनी कसे पाहिले असते, १८७२ च्या कायद्याने कसे पाहिले आणि आपली भाषा त्याला काय म्हणते, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांतला पहिलाच आम्हांस सर्वांत श्रीमंत वाटतो, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबू.

मनूचा नियम सुटसुटीत आहे. घेऊन किंवा विकून ज्याला खंत वाटली त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी किंवा परत घ्यावी. दहा दिवस उलटल्यावर मात्र दोघांनाही तो हक्क नाही, आणि कोणी बळजोरी केली तर राजाने सहाशे पणांचा दंड करावा. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, वस्तूत खोट असावी अशी अटच नाही. मन फिरले एवढे कारण पुरते. कौटिल्य या मुदती माणसाच्या धंद्यावरून ठरवतो : व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गोपालकाला पाच. यामागचा हिशेब उघड आहे. व्यापाऱ्याचा माल आणि भाव रोज हलतो, त्याला रात्रभरात मन पक्के करता आले पाहिजे; गुरे पाळणाऱ्याला जनावराचा स्वभाव कळायला दिवस जावे लागतात.

नारदाने याहून बारीक काम केले आहे. किंमत देऊन घेतलेली वस्तू पसंत नाही असे वाटले, तर घेतल्याच दिवशी ती जशीच्या तशी परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा भाग गमवावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर ती वस्तू घेणाऱ्याचीच. म्हणजे खंतीला मुदत आहे, आणि खंतीला किंमतही आहे. याच प्रकरणात पुढे वस्त्राचा एक मजेदार तक्ता येतो : एकदा धुतलेल्या वस्त्राची किंमत आठव्या भागाने उतरते, दोनदा धुतले की चौथ्याने, तीनदा धुतले की तिसऱ्याने, चारदा धुतले की निम्म्याने. नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडताच तिची किंमत उतरते, हे आजचा प्रत्येक गिऱ्हाईक ऐकून असतो. ती किती उतरते हे मात्र प्रत्येक जण आपल्या सोयीने सांगतो. नारदाने निदान धोतराच्या बाबतीत तरी तो वाद मिटवून टाकला होता.

खंतीहून वेगळा असा पारखीचा काळही स्मृतिकारांनी दिला आहे. याज्ञवल्क्य आणि नारद यांच्या यादीत बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन, रत्नांना सात, आणि ‘वाह्या’ला, म्हणजे ओझे व गाडे ओढणाऱ्या जनावराला, पाच. बैल जुंपून पाहिल्याशिवाय कळत नाही, ही गोष्ट बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नव्हती. दात पाहून वय कळते, पण नांगराला धरल्यावर बैल बसतो की चालतो हे शेतातच कळायचे. मोटारीचीही तीच गत आहे. चाचणीसाठी दिलेली गाडी शोरूमची असते, रस्ता शोरूमच्या पसंतीचा असतो, आणि शेजारी बसलेला विक्रेता सतत बोलत असतो.

ही यादी वाचून जुन्या काळाबद्दल गहिवर आणण्याचे मात्र कारण नाही. तिच्यात पुढे पुरुष दासाला अर्धा महिना आणि दासीला एक महिना अशी पारखीची मुदत दिलेली आहे. बियाणे, लोखंड, बैल, हिरे आणि माणसे एकाच ओळीत, एकाच व्याकरणात. ज्या शास्त्राने घेणाऱ्याच्या मनाची इतकी बूज राखली त्याने विकल्या गेलेल्याच्या मनाचा एका शब्दानेही विचार केला नाही. मुदतींच्या सूक्ष्मतेचे कौतुक करताना ही गोष्ट दृष्टीआड करणे म्हणजे इतिहास नव्हे. या सामग्रीत ज्यांना पुढे शिरावयाचे आहे, त्यांच्यासाठी भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४६ साली निघालेला तिसरा खंड आणि वाईच्या धर्मकोशाचे व्यवहारकांड ही दोन दारे आहेत. दोन्ही कामे मराठी माणसांनी केली, आणि मराठी समीक्षेने दोन्हींचा उपयोग जवळजवळ केलाच नाही, असे आमचे मत आहे.

आता विसाराकडे वळू. कुठे विसार, कुठे इसार, कुठे बयाणा. शब्द प्रांताप्रमाणे बदलतो, कृती तीच. सौदा ठरला याची खूण म्हणून थोडे पैसे आधी हातावर ठेवायचे. संस्कृतात याला ‘सत्यंकार’ म्हणतात. अमरकोशाने वैश्यवर्गात सत्यापन, सत्यंकार आणि सत्याकृति असे तीन पर्याय एकत्र दिले आहेत. या तिन्ही शब्दांच्या पोटात ‘सत्य’ आहे हे सहज दिसते. पाणिनीचे एक सूत्र त्यात आणखी एक बारकावा दाखवते. शपथ हा अर्थ नसेल तेव्हाच ‘सत्याकरोति’ हे रूप होते, आणि वृत्तिकारांचे उदाहरण मालाचा सौदा पक्का करणाऱ्या व्यापाऱ्याचे आहे. शपथेने केलेले सत्य वेगळे आणि पैसे ठेवून केलेले सत्य वेगळे, हा भेद व्याकरणानेच करून ठेवला होता. एक मोडले तर पाप; दुसरे मोडले तर हिशेब.

तो हिशेब मिताक्षरेत आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर, कल्याण येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. (हे कल्याण आजच्या कर्नाटकातले बसवकल्याण, ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणचा उल्लेख पुढे वेगळ्याच कारणाने येणार आहे.) खरेदी-विक्रीचा ठराव पार पडावा म्हणून समोरच्याच्या हाती अंगठी किंवा तसे काही ठेवले, आणि ठेवणाराच फिरला, तर ती अंगठी त्याने गमवावी; ज्याच्या हाती ठेवली तो फिरला तर त्याने दुप्पट परत करावे. रोमन सम्राट जस्टिनियन याच्या ५३३ सालच्या विधिग्रंथातही विसाराचा नियम नेमका असाच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे यात कोणा एका संस्कृतीची खास करामत शोधण्याचा मोह आवरतो. दोन्हीकडे तत्त्व एकच. माघारीचा दरवाजा दोघांनाही उघडा आहे, दोघांनाही सारख्याच किमतीला, आणि ती किंमत दारावर आधीच लिहिलेली आहे. घेणारा बुडवतो ते एकपट, विकणारा जास्तीचे देतो तेही एकपट.

हे सारे कधी गेले? मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या वेळच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने देशरूढी आणि प्रतिवादीचा कायदा यांना दिवाणी न्यायात जागा ठेवली होती. १ सप्टेंबर १८७२ रोजी भारतीय करार अधिनियम अमलात आला आणि करारापुरती ती जागा जवळजवळ संपली. कायद्याला अखेरचे रूप देणारे गृहस्थ होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, लेस्ली स्टीफन यांचे बंधू, म्हणजे व्हर्जिनिया वुल्फ यांचे सख्खे काका. पुतणीने मनाच्या क्षणोक्षणीच्या बदलांना कादंबरीचे मध्यवर्ती स्थान दिले. काकांच्या कायद्यात बदललेल्या मनाला स्थानच नाही. फसवणूक झाली, धाक घातला, चुकीची माहिती दिली, तर करार मोडता येतो. हे काहीच झाले नाही आणि तुम्हांला नुसती खंत वाटली, तर ती तुमची खाजगी बाब. तुम्ही करारभंग केला. आता समोरच्याचे नुकसान किती ते मोजा. ‘अनुशय’ जाऊन त्याच्या जागी ‘नुकसान’ आले. एक आतली गोष्ट होती, दुसरी बाहेरची आहे आणि वहीत मांडता येते.

हा बदल सरसकट वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. दूरदूरच्या अनोळखी माणसांत, रेल्वे आणि तारायंत्राच्या काळात, कापसाचे सौदे होत असताना दहा दिवस मन पालटण्याची मुभा कोणता व्यापार सोसणार? कौटिल्यानेही व्यापाऱ्याला एकच रात्र दिली होती. पण एक विसंगती नोंदवलीच पाहिजे. जुन्या कायद्यातला दामदुपटीचा नियम, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा, मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी पुढेही चालू ठेवला. ऋणकोला संरक्षण देणारे जुने तत्त्व नव्या काळात निभते, तर गिऱ्हाइकाला एक रात्र देणारे का निभू नये, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

या कायद्याच्या छत्राखाली हिंदुस्थानात मोटारगाडी आली आणि कारखानेही आले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून निघालेली फियाट पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा बनली. स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत गाडी घेणे म्हणजे रांगेत नाव घालणे. सरकारने १९५९ मध्ये मोटारींच्या वितरणावर नियंत्रणाचा आदेश काढला. गाडी कोणत्या क्रमाने द्यायची आणि मिळालेली गाडी लगेच दुसऱ्याला विकू नये याची बंधने आली. ‘नंबर लागला’ हा शब्दप्रयोग त्या काळात दवाखान्यापासून दूधकेंद्रापर्यंत सगळीकडे चालत असे, पण गाडीच्या आणि बजाजच्या स्कूटरच्या बाबतीत त्याला जी चमक होती ती अन्यत्र नव्हती. बारशाच्या वेळी नोंदवलेली स्कूटर मुंजीला येते, असे विनोदाने म्हटले जाई.

अशा रांगेत माघार कोण घेणार? रांगेतला क्रमांक हीच मालमत्ता होती. ज्याला गाडी नको झाली तो ती रद्द करीत नसे. नंबर येण्याची वाट पाहून, नियमाच्या फटीतून, वरचढ किमतीला दुसऱ्याच्या हवाली करी. मारुती उद्योगाने १९८३ मध्ये आठशेची नोंदणी खुली केली तेव्हा दहा हजार रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी नावे घातली. गाडी अजून रस्त्यावर आलेली नव्हती. पहिली गाडी त्याच वर्षी १४ डिसेंबरला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ज्याच्या नावे नोंदणी होती त्याच्या पश्चात्तापाचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण टंचाईच्या बाजारात पश्चात्तापालाही गिऱ्हाईक मिळते.

ही टंचाई आणि माघार यांची गाठ इंग्लंडमधल्या दोन खटल्यांत फार स्वच्छ दिसते. आपला मालविक्रीचा १९३० चा कायदा इंग्रजांच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला असल्याने हे खटले आपल्याकडच्या विधिमहाविद्यालयांतही शिकवले जातात, म्हणून त्यांची येथे दखल घेतो. ४ मार्च १९५४ रोजी एका गिऱ्हाइकाने स्टँडर्ड व्हॅन्गार्ड गाडी घेण्याचा लेखी करार केला आणि दुसऱ्याच दिवशी नको म्हणून कळवले. विक्रेत्याने गाडी पुरवठादाराकडे परत पाठवली आणि नफ्याचा दावा लावला. गाड्या पडून होत्या, गिऱ्हाइके कमी होती. हे गिऱ्हाईक गेले म्हणजे एक विक्री कायमची गेली. न्यायालयाने ६१ पौंड १ शिलिंग ९ पेन्स मंजूर केले. दुसरा खटला हिलमन मिंक्स गाडीचा, १९५७ मध्ये अपील न्यायालयाने निकालात काढलेला. तेथे विक्रेत्यानेच कबूल केले की, मिळतील तेवढ्या मिंक्स आपण विकू शकतो. मग तुमचे गेले काय? त्याच्या पदरात नाममात्र चाळीस शिलिंग पडले.

कायद्याचा विद्यार्थी या दोन निकालांतून नुकसानभरपाईचे सूत्र शिकतो. आम्हांला त्यात दुसरेच काही दिसते. माघार घेणाऱ्या दोघांच्या मनात काय चालले होते याबद्दल दोन्ही निकालांना सुतराम कुतूहल नाही. एकाच्या खंतीची किंमत एकसष्ट पौंड आणि दुसऱ्याच्या खंतीची दोन पौंड, आणि हा फरक कोणी ठरवला तर बाजारात त्या महिन्यात गाड्या किती होत्या याने. नारदाचा तिसावा भाग सर्वांना सारखा होता आणि आधी माहीत होता. हा हिशेब खटला संपेपर्यंत कोणालाच माहीत नसतो.

पण याच सूत्राने आपल्याकडच्या टंचाईच्या काळाकडे पाहिले म्हणजे एक गमतीची गोष्ट हाती येते. रांगेतल्या एकाने नाव काढून घेतले तर विक्रेत्याचे काहीच जात नव्हते. मागचा पुढे सरके. नुकसान हाच निकष मानला तर नोंदणीची रक्कम अडवून ठेवण्याला तेव्हा आधार फारच तोकडा होता. १८७२ च्या कायद्याचे चौऱ्याहत्तरावे कलम तर स्पष्ट सांगते की, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळेल. १९६३ मध्ये फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम विसाराच्या अंगाने उलगडले. दिल्लीच्या एका बंगल्याचा १,१२,५०० रुपयांचा सौदा; १,००० रुपये विसार आणि नंतर २४,००० रुपये दिलेले. खरेदीदाराने पुढचे पैसे भरले नाहीत. न्यायालयाने विसाराचे हजार विक्रेत्याला ठेवू दिले, चोवीस हजार नाही; नुकसान सिद्ध झालेले नव्हते. उलट १९६९ मध्ये हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या प्रकरणात विमानांच्या भंगाराच्या दहा लाखांच्या सौद्यात चौथा हिस्सा, अडीच लाख, विसार म्हणून जप्त झाला आणि तो जप्तच राहिला. ‘विसार’ हा शब्द कागदावर कुठे आणि कसा पडला यावर इतके अवलंबून असते. शब्दार्थाच्या शास्त्राला एवढे रोकड महत्त्व साहित्याच्या वर्गात कधी लाभत नाही.

टंचाई सरली आणि माघारीचा खरा इतिहास सुरू झाला. १९९६ मध्ये प्रीमिअर आणि फियाट यांच्या भागीदारीतली ‘उनो’ आली. नोंदण्या अडीच लाखांच्या वर गेल्या. मारुतीला पर्याय मिळणार म्हणून आनंदलेल्या कुटुंबांनी पैसे भरले, आणि मग कामगारांच्या तंट्यामुळे आणि उत्पादनाच्या खोळंब्यामुळे गाड्या थेंबाथेंबाने निघू लागल्या. त्याच सुमारास कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्यूजो ३०९ या गाडीचीही रया गेली. (विज्ञानेश्वराचे नव्हे, हे ते कल्याण.) लोकांनी नोंदण्या मागे घेतल्या, रांगेत उभे राहून परतीचे अर्ज भरले. मराठी मध्यमवर्गाने एवढ्या मोठ्या संख्येने, एकाच वेळी, एकाच वस्तूतून माघार घेतल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. ज्या घरांत त्या पावत्या होत्या त्यांना तो काळ आठवतच असेल. या माघारीचे एक वैशिष्ट्य असे की, तिच्यात लाज नव्हती. दोष समोरच्याचा होता.

त्यानंतर तेरा वर्षांनी, एप्रिल २००९ मध्ये, नॅनोची नोंदणी झाली. दोन लाखांहून अधिक नावे आली आणि पहिल्या एक लाखांची निवड सोडतीने करण्यात आली. ज्यांचा क्रमांक लागला नाही त्यांना पैसे परत घेण्याची किंवा व्याजासह ठेवून थांबण्याची मुभा होती. म्हणजे येथे कंपनीने, आपल्या सोयीसाठी का होईना, माघारीचा दरवाजा स्वतःहून उघडा ठेवला आणि थांबण्यालाच मोबदला दिला. हाती येण्यापूर्वीच अनेकांचे मन या गाडीवरून उडाले, त्याची कारणे वेगळी आणि बरीच चर्चिली गेलेली. आम्हांस येथे एवढेच महत्त्वाचे वाटते की, ‘स्वस्त गाडी’ हे तिचे भूषण हळूहळू तिचे दूषण झाले. वस्तू बदलली नव्हती. तिचे विशेषण बदलले होते. अनुशय अनेकदा असाच, विशेषणाच्या वाटेने येतो.

आता भाषेचा मुद्दा. मराठीत माघार घेणाऱ्याला काय म्हणतात ते पाहा. तो ‘शब्द फिरवतो’, ‘सौदा मोडतो’, ‘शब्दाला जागत नाही’, ‘घूमजाव करतो’, ‘ऐन वेळी कच खातो’. ‘माघार’ हा शब्दच रणांगणावरचा आहे. यांतला एकही शब्द तटस्थ नाही. प्रत्येकात बोलणाऱ्याने आधीच निकाल दिलेला आहे. विसाराला सत्याची खूण मानणाऱ्या संस्कृतीत हे स्वाभाविकच. पण पाणिनीने शपथ आणि सौदा यांत जी रेघ ओढली होती ती आपल्या बोलीत पुसली गेली असावी, अशी आम्हांस शंका आहे. सौदा मोडणे हे वचनभंगाच्या पातकात जमा झाले. याच कारणाने आज कोणी ‘मी गाडीचा सौदा मोडला’ म्हणत नाही. ‘बुकिंग कॅन्सल केलं’ म्हणतो. भाषाशुद्धीचे कैवारी या दोन शब्दांवर रागावतात. आम्हांस ते शब्द एक नेमके काम करताना दिसतात : त्यांच्यावर आजोबांची नजर नाही. रेल्वेचे तिकीट रद्द करावे तितक्या निर्विकारपणे पाचसहा लाखांच्या व्यवहारातून बाहेर पडण्याची सोय त्यांनी केली आहे. मराठीत असा निर्मळ शब्द होता का? होता, ‘अनुशय’च. पण तो आपण शाकुन्तलाच्या सहाव्या अंकात ठेवून आलो.

आणि कायदा? जगात काही ठिकाणी खंत परत आली आहे, फक्त मोटारीच्या दाराशी येऊन ती थबकते. अमेरिकेत १९७२ च्या नियमाने दारावर येऊन केलेल्या विक्रीत तीन दिवसांची मुभा दिली, पण विक्रेत्याच्या कायम जागेत झालेली मोटारखरेदी तिच्यात बसत नाही. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने दुरून केलेल्या खरेदीला चौदा दिवस दिले. शोरूममध्ये जाऊन सही केलेल्याला नाहीत. कॅलिफोर्नियात २००६ पासून वापरलेल्या गाड्यांच्या बाबतीत एक नमुनेदार व्यवस्था आली : ठरावीक किमतीच्या आतली जुनी गाडी घेताना थोडे शुल्क भरून दोन दिवसांत परत करण्याचा पर्याय विकत घ्यायचा, आणि गाडी अडीचशे मैलांहून जास्त चाललेली नसावी. दिवस मोजणे, अंतर मोजणे, खंतीला आगाऊ दर लावणे. नारद हे वाचून मान हलवता. पण ही व्यवस्था जुन्या गाडीसाठी, नव्यासाठी नव्हे.

आपल्याकडे ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू सदोष असेल तर ती परत घेऊन बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. करारभंगाबद्दल नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणाऱ्या किंवा भरमसाट अनामत मागणाऱ्या कराराला त्याने ‘अन्याय्य करार’ हे नाव दिले. पहिली तरतूद याज्ञवल्क्याच्या पारखीच्या मुदतीची आठवण करून देते, दुसरी चौऱ्याहत्तराव्या कलमाची. पारख आली, नुकसान आले. निव्वळ अनुशय मात्र यातही नाही. गाडीत खोट नाही, विक्रेता खोटे बोलला नाही, केवळ रात्री झोप लागली नाही आणि हप्त्यांचा आकडा डोळ्यांसमोर नाचू लागला, अशा माणसाला हा कायदा काही देत नाही.

व्यवहारात त्याचे नशीब कागद कुठवर पोचला यावर ठरते. नुसती नोंदणी असेल तर तो किरकोळ रक्कम सोडून सुटतो. त्याच्या नावे चासीचा क्रमांक पडून बिल फाटले असेल तर बोलणी कठीण होतात. विमा उतरून, एकरकमी कर भरून आरटीओत नोंदणी झाली, की आसनांवरचे प्लास्टिकही न काढलेली ती गाडी कायद्याच्या दृष्टीने एका मालकाची गाडी होते. पुढचा घेणारा दुसरा मालक. चार वेळा धुतलेल्या वस्त्राची गत तिला न धुताच प्राप्त होते. यांतली कोणतीही पायरी ओलांडताना ‘येथून पुढे परतता येणार नाही’ असे सांगण्याचे बंधन कोणावर नाही. आमच्या पाहण्यात आलेल्या एका विक्रेत्याच्या नोंदणी अर्जावर, सहीच्या जागेखाली, बारीक अक्षरांत एवढीच ओळ होती की, रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. विक्रेत्याने गाडी वेळेवर दिली नाही तर काय, याबद्दल त्याच कागदावर अक्षर नव्हते; मिताक्षरेतल्या अंगठीचा दुसरा अर्धा भाग, दुप्पट परतीचा, कोणीतरी कापून टाकलेला होता.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात दिल्ली विकास प्राधिकरणाला ७८ लाखांचा विसार परत करायला लावला, कारण तोच भूखंड पुढे कितीतरी अधिक किमतीला विकला गेला होता आणि प्राधिकरणाचे नुकसान झालेच नव्हते. तो निकाल हाताशी असताना पाचदहा हजारांच्या नोंदणी रकमेसाठी ग्राहक आयोगापर्यंत जाणारी माणसे विरळाच. बाकीचे ती रक्कम सोडून देतात आणि घरी कोणी विचारले तर विषय बदलतात.